एकाच पऱ्हाटीच्या दोन संघटना

आमच्या घरात दोन संघटना होत्या. एक माझी, शेतकऱ्यांची. दुसरी माझ्या चुलतभावाची, कामगारांची. मी खिशाला लाल बिल्ला लावून फिरायचो आणि तो युनियनच्या वर्गणीची पावती पाकिटात घडी करून ठेवायचा. दोघांचंही पोट कापसावरच. मी घाटंजीच्या शिवारात पऱ्हाटी लावायचो, तो विदर्भातल्या एका कापडगिरणीत साच्यावर उभा राहायचा. गिरणीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण तिच्यासारख्या कितीतरी होत्या आणि सगळ्यांची गत एकच झाली.

जगाचा बाजार दाराशी आला तेव्हा माझी संघटना म्हणाली, दार उघडा. त्याची म्हणाली, दार लावा. त्यापायी आम्ही दोघं भाऊ काही वर्षं नीट बोललोसुद्धा नाही. आता साठी उलटली. कोण खरं होतं याचा हिशेब कुणीतरी मांडायला पाहिजे म्हणून लिहायला बसलो. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं. अर्थशास्त्र मला कळतं ते काट्यावरच्या वजनातून आणि हातात पडलेल्या पट्टीतून. त्याच मापानं हे लिहितो.

आधी थोडं मागं जातो. लोकांना वाटतं, जागतिकीकरण १९९१ साली आलं. आमच्या वऱ्हाडाला ते फार जुनं आहे. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. इंग्रजांना इथली काळी माती कशासाठी पाहिजे होती ते लवकरच दिसलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि हिंदुस्थानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव आपटला. पण सवय लागून गेली होती. १८७० साली खामगावपर्यंत आगगाडी आली ती कापसासाठीच. पुढं यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी छोटी गाडी, जिला आपण शकुंतला म्हणतो, तीही कापूस वाहायलाच. म्हणजे माझ्या पणजोबाच्या पऱ्हाटीचा भाव लिव्हरपूलला ठरत होता. त्यानं लिव्हरपूल पाहिलं नव्हतं. यवतमाळही फार वेळा पाहिलं नसेल.

त्याच काळातली दुसरी गोष्ट मला फार उशिरा वाचायला मिळाली. महात्मा फुल्यांनी १८८३ साली शेतकऱ्याचा असूड लिहून पुरा केला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८४ ला, त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढं ठेवला. आपल्या देशातल्या कामगार चळवळीची सुरुवात तिथून धरतात. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, अपघात झाला तर भरपाई, अशा त्यांच्या मागण्या. शेतकऱ्याचं गाऱ्हाणं आणि कामगाराचं गाऱ्हाणं एकाच सत्यशोधक घरातून निघालं. निघणारच. गिरणीतला कामगार कोण होता? वावर सोडून आलेला कुणबीच होता.

त्या वेळचा पेच मोठा बघण्यासारखा आहे. मुंबईच्या गिरण्या वाढायला लागल्या तशी मँचेस्टरवाल्यांच्या पोटात दुखायला लागलं. हिंदुस्थानातल्या गिरण्यांना फॅक्टरी कायदा लावा, असा तगादा त्यांनी लावला. मजुरांची दया हे तोंडानं सांगायचं कारण. मुंबईचे गिरणीमालक म्हणत, कायदा नकोच, हा विलायतवाल्यांचा डाव आहे, देशी धंदा बुडेल. आता कामगारानं कुणाच्या बाजूनं जायचं? लोखंडे दोघांच्याही मागं गेले नाहीत. डाव कुणाचाही असो, माझ्या माणसाला सुट्टी पाहिजे, ही मागणी त्यांनी सोडली नाही. १८९० च्या १० जूनला मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आज साहेबापासून शिपायापर्यंत सगळे रविवार पाळतात. तो कुठून आला हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

शेतकऱ्याला मात्र रविवार मिळाला नाही. त्याची संघटना व्हायला पुढं नव्वद वर्षं लागली.

आता माझ्या डोळ्यांदेखतचं सांगतो. १९७२ च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, व्यापाऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. हेतू वाईट नव्हता. व्यापारी लुटतो, त्याच्या तावडीतून कास्तकाराला सोडवायचं. पहिल्या-पहिल्यानं लोक खुश होते. माझा बाप म्हणायचा, आता अडत्याच्या ओट्यावर हात जोडून बसा लागत नाही. पण पुढं केंद्रासमोर बंड्यांच्या रांगा लागल्या. रात्री बंडीखाली झोपायचं, बैलांना कुटार घालायचं, ग्रेडर कोणता भाग लावतो त्याची वाट पाहायची. चुकारा हप्त्यानं यायचा. आणि ज्या वर्षी बाहेरच्या राज्यात भाव जास्त असे, त्या वर्षी पांढरकवडा, पाटणबोरीच्या वाटेनं पैनगंगा ओलांडून रातोरात आदिलाबादला कापूस जायचा. स्वतःच्या वावरातलं पीक चोरासारखं न्यायचं. नाक्यावर सापडला तर गुन्हा.

ह्या रागावर शरद जोशींनी बोट ठेवलं. हा माणूस स्वित्झर्लंडमध्ये जागतिक टपाल संघटनेत मोठ्या पगारावर होता. ते सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती घेतली. स्वतः शेती केली तेव्हा त्यांना कळलं की शेतकरी आळशी नाही, अडाणीही नाही, त्याला भावच मिळू देत नाहीत. १९८० साली कांदा-उसाचं आंदोलन झालं आणि शेतकरी संघटनेचं नाव घरोघर गेलं. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा आमच्या कापसाच्या मुलखात आली तेव्हा मी विशीत होतो. त्याआधी आमच्याकडं कोणी पुढारी आला की काय देतो ते सांगायचा. हा पहिला माणूस, जो म्हणाला की काही देऊ नका, फक्त आमच्या वाटेतून बाजूला व्हा. मी बिल्ला लावला.

त्याच वेळी तिकडं मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. वर्ष उलटलं तरी संप मिटला नाही. तो रीतसर मागं घेतलाच गेला नाही म्हणतात. कापड भिवंडीच्या यंत्रमागावर विणून बाजारात येत राहिलं आणि गिरणीवाचून कुणाचं अडेनासं झालं. माझा चुलतभाऊ मुंबईला नव्हता, पण तिथली धग त्याच्या गिरणीपर्यंत पोचली. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, “लहान्या, मुंबईचे हरले त आमचंही काई खरं नाई.”

मला तेव्हा त्याचं दुःख कळलं नाही, खोटं कशाला बोलू? मला वाटायचं, तुमचा पगार बांधलेला, आठ तासाची पाळी, बोनस, क्वार्टर. तुमच्या गिरणीला स्वस्त कापूस मिळावा म्हणून तर आम्हाला भाव मिळू देत नाहीत. आमच्या सभेत ‘इंडिया’ आणि ‘भारत’ अशी फोड असायची. आम्ही भारत. भावाला मी मनातल्या मनात इंडियात टाकून दिलं होतं.

१९८५ साली राजीव गांधींच्या सरकारनं नवं वस्त्रधोरण आणलं. कृत्रिम धाग्याला कापसाच्या बरोबरीनं मोकळीक. कापसाचा खप घटणार हे उघड होतं. संघटनेनं त्या कापडाला ‘राजीवस्त्र’ असं नाव दिलं आणि होळी करायला सांगितलं. आमच्या गावातही पोरांनी होळी पेटवली. माझ्या अंगात त्या दिवशी टेरिकॉटचा शर्ट होता, निळसर, बारीक चौकटीचा. भावानं मागच्या दिवाळीला आणून दिला होता. मी तिथल्या तिथं काढला आणि आगीत टाकला. पोरांनी टाळ्या पिटल्या. मी उघड्या अंगानं छाती काढून घरी गेलो.

हे त्याच्या कानावर गेलंच. पोळ्याला आला तेव्हा जेवणाच्या पाटावर एवढंच म्हणाला, “तो कपडा आमच्या खात्यातला होता. त्यात अर्धा कापूसच होता, बावा.” आणि खाली मान घालून जेवत राहिला. मोठी माय माझ्याकडं पाहत राहिली. तो शर्ट मला आजही आठवतो. मी सरकारचं धोरण जाळायला गेलो होतो, जळाला तो भावाच्या पाळीचा कपडा.

१९८६ च्या १० डिसेंबरला सुरेगावला कापसाच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मेले. सुरेगाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, आता हिंगोलीत आहे. आमच्याकडं त्या रात्री चूल पेटली नाही अशी घरं मी पाहिली. भावानं पत्र पाठवलं, त्याच्या गिरणीच्या दारावर त्यांनी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली म्हणून. ते पत्र मी तेव्हा नीट वाचलं असतं तर पुढचं भांडण कदाचित झालं नसतं.

१९९१ साल उजाडलं. देशाची तिजोरी रिकामी झाली, सोनं गहाण पडलं आणि नवं आर्थिक धोरण आलं. त्याच वर्षाच्या २९ नोव्हेंबरला कामगार संघटनांनी देशभर संप केला. डिसेंबरात गॅट कराराचा डंकेल मसुदा आला. कामगार संघटनांचं म्हणणं होतं, बाहेरचा माल येईल, सरकारी कारखाने विकतील, कायम नोकऱ्या जाऊन ठेकेदारी येईल. कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामींची रयत संघटना म्हणत होती, बियाणं कंपनीच्या मुठीत जाईल. त्यांच्या लोकांनी १९९२ च्या डिसेंबरात बंगळूरला कारगिल ह्या कंपनीच्या कचेरीत घुसून कागद बाहेर काढून जाळले. आणि आमचे शरद जोशी सगळ्यांच्या उलट बोलत होते. डंकेल येऊ द्या.

त्यांचं गणित साधं होतं. श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्याला अनुदान देतात. आपलं सरकार उलट आपल्या शेतकऱ्याकडून काढून घेतं. निर्यातबंदी, लेव्ही, झोनबंदी ह्या सगळ्यांचा मेळ घातला तर आपली सबसिडी उणे निघते, आणि सरकारनं हे गॅटच्या कागदांत स्वतः लिहून दिलं आहे. उणे ७२ टक्के हा आकडा आमच्या सभांतून पाठ झाला होता. मग जगाच्या बाजाराला भ्यायचं कुणी? ज्याला आतच लुटतात त्याला बाहेरची काय भीती? बियाण्याचं म्हणाल तर संकरित कापूस १९७० पासून आमच्याकडं आलेला, त्याचं बियाणं दरसाल विकतच घ्यावं लागतं. ती सवय डंकेलनं लावली नाही. मला हे सगळं पटलं होतं. खरं सांगतो, त्यातलं पुष्कळ आजही पटतं.

भांडण झालं ते मोठ्या मायच्या तेरवीला. लोक जेवून गेलेले, आम्ही ओसरीत बसलेले. भाऊ म्हणाला, “तुये नेते म्हनते दार उघडा. दार उघडलं त आमची गिरणी जाते.” मी म्हणालो, “तुमची गिरणी वाचवायले आमी कवापर्यंत स्वस्त कापूस देऊ?” तो म्हणाला, “स्वस्त कापूस मले देतं का? मालकाले देतं.” मी म्हणालो, “मंग मालकासंग भांड. आमच्या भावाच्या आड कायले येतं?” तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस्टीनं गेला. नंतरची काही वर्षं लग्नकार्याला तेवढी तोंडओळख.

१५ एप्रिल १९९४ ला मराकेशला करारावर सह्या झाल्या. १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. दार उघडलं खरं, पण कसं ते सांगतो.

बाहेरचा कापूस आत यायला मोकळा झाला. आपला कापूस बाहेर जाणं मात्र दिल्लीच्या मर्जीवर राहिलं. तिकडं अमेरिकेत कापूस पिकवणारे पंचवीस हजारांच्या आसपास, आणि २००१-०२ च्या सुमारास त्यांना वर्षाला तीन अब्ज डॉलरच्या वर सरकारी मदत. ते कमी भावातही विकू शकत होते, आणि विकत होते. जगाचा भाव तीस वर्षांच्या तळाला गेला. आमचा खर्च तळाला गेला नाही. इकडं एकाधिकार योजना तोट्यात रुतली आणि २००२ पासून व्यापाऱ्यांना खरेदी मोकळी झाली. आम्ही ज्या दिवसासाठी आंदोलनं केली तो दिवस आला तेव्हा बाजारात भावच नव्हता. त्याच साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. संघटनेनं तिचं स्वागत केलं. बोंडअळी काही वर्षं हटली, उत्पन्न वाढलं, बियाण्या-खताचा खर्चही वाढला. कोरडवाहू वावरात एक पाऊस चुकला की सगळं अंगावर. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव त्यानंतर देशभर झालं ते कशानं, हे सांगायची गरज नाही. २००६ च्या जून-जुलैत पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांना ३७५० कोटींचं पॅकेज दिलं.

आणि भावाची गिरणी? ती २००० च्या आसपास बंद पडली. हे मला पुन्हापुन्हा लिहावंसं वाटतं. ज्या काळात कापूस तीस वर्षांतला सगळ्यात स्वस्त झाला त्याच काळात विदर्भातल्या गिरण्यांना कुलपं लागत होती. स्वस्त कापसानं गिरणी वाचली नाही. यंत्रं जुनी, मालकांनी त्यात पैसा घातला नाही, यंत्रमागाचं कापड स्वस्त आणि गिरणीपेक्षा तिच्याखालच्या जागेची किंमत जास्त. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेदजी टाटांनी १८७७ च्या १ जानेवारीला सुरू केली होती; आज त्या जागेवर एम्प्रेसच्याच नावाचा मॉल आहे. मुंबईतही तेच. तिथल्या कामगारांची लढाई पुढं पगाराची राहिलीच नाही. दत्ता इस्वलकरांच्या संघर्ष समितीनं बंद गिरण्यांच्या जमिनीवर कामगाराला घर द्या ही मागणी धरली आणि हजारो कामगारांना घरं मिळवून दिली. पुष्कळांना अजून मिळायची आहेत.

म्हणजे तीस-चाळीस वर्षं कामगाराच्या नावानं आमचा भाव पाडला आणि कामगारही वाचला नाही. माझी आणि भावाची संघटना ज्या भावावरून एकमेकांशी भांडल्या, त्या भावानं दोघांपैकी कुणालाच तारलं नाही. दार उघडायचं की लावायचं हे आम्ही वर्षानुवर्षं बोललो. कडी कुणाच्या हातात आहे हे विचारायचं राहून गेलं.

कडी कुणाच्या हातात होती ते पुढं दिसलं. २०१० च्या एप्रिलात जगात कापूस तेजीत आला तर सरकारनं निर्यात थांबवली. २०१२ च्या ५ मार्चला पुन्हा बंदी. मंदीत दार सताड उघडं, तेजीत बंद. शरद जोशी हेच ओरडून सांगत होते की खुली व्यवस्था आणायची तर पुरी आणा, ही अर्धी कसली. त्यांच्यावर टीका करणारे वर्ध्याचे विजय जावंधिया सांगत होते की श्रीमंत देशाचं अनुदान चालू असताना आपल्या शेतकऱ्याला उघड्यावर सोडू नका. दोघांचीही अर्धी-अर्धी बाजू खरी ठरली.

बाहेरच्या देशांतल्या लोकांनी काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. २००३ च्या सप्टेंबरात कानकुनला व्यापार परिषदेच्या कुंपणावर चढून ली क्युंग-हे ह्या कोरियातल्या शेतकरी पुढाऱ्यानं स्वतःला भोसकून घेतलं. बातमी वाचून मला आमचे लोक आठवले. दुसरीकडं ब्राझीलच्या कापूस उत्पादकांनी वर्गणी काढली, वकील लावले, आकडे जमवले आणि आपल्या सरकारला पुढं करून अमेरिकेच्या अनुदानावर त्याच व्यापार संघटनेत २००२ साली दावा ठोकला. २००५ ला जिंकले. पुढं अमेरिकेला ब्राझीलच्या कापूसवाल्यांसाठी वर्षाला १४ कोटी ७० लाख डॉलर द्यायचं कबूल करावं लागलं. ते दारावर भांडत बसले नाहीत. दार उघडलंच आहे तर त्यातून आत जाऊन नियमाचं पुस्तक मागितलं. मला त्यात लोखंड्यांची रीत दिसते.

भाऊ गावी परत आला. हिशेबाचे पैसे तुकड्या-तुकड्यानं मिळाले, त्यात पोरीचं लग्न झालं. पन्नाशीच्या आत-बाहेरचा माणूस, हमालीला लागला. कापसाचे बोरे उचलू लागला. ज्या कापसाचं त्यानं कापड केलं तोच कापूस पाठीवर. पुढं पाठ गेली तेव्हा टोळीचा हिशेब लिहायला लागला. लिहायची सवय युनियनची.

२०१२ च्या हंगामात, ऐन नोव्हेंबरात, आमच्या भागातल्या एका खरेदीच्या जागी हमाल बसले. हमाली वाढवा म्हणून. आमच्या गाड्या रांगेत. माझा कापूस ट्रॅक्टरमध्ये, भाड्याचा मीटर चालू, घरी वेचणीवाल्या बाया पैशासाठी थांबलेल्या. मी तावातावानं भावाकडं गेलो. म्हणालो, “पुन्हा आमच्याच उरावर बसले का तुमी?” त्यानं मला पाण्याच्या टाकीमागं नेलं आणि वही उघडली. रोज किती क्विंटल आला, आणि ओलाव्याच्या नावाखाली क्विंटलमागं किती किलो कापलं, सगळं तारीखवार लिहिलेलं. म्हणाला, “आमी उचलतो ते वजन आन् तुमच्या पट्टीवरचं वजन एक नाई. आमची वाढ मागतो ती दोन रुपये. तुमचं जाते ते पाह्य किती.” मी आकडे पाहिले. दोन रुपयांवरून ज्याच्याशी भांडायला गेलो तोच माझ्या किलोकिलोचा हिशेब ठेवत होता.

त्या संध्याकाळी आम्ही बिल्लेवाले सात-आठजण आणि हमाल असे मिळून बसलो. दोनच मागण्या ठेवल्या. हमाली वाढवा, आणि ओलावा यंत्रानं मोजल्याशिवाय कटती नाही. हमाल म्हणाले, कटती बंद झाल्याशिवाय आम्ही उचलणार नाही. आम्ही म्हणालो, हमाली वाढल्याशिवाय आम्ही काट्यावर गाडी लावणार नाही. तिसऱ्या दिवशी दोन्ही मान्य झालं. मोठा विजय होता असं सांगणार नाही. तो हंगाम नीट गेला. पुढच्या वर्षी आम्ही आपापल्या कामाला लागलो आणि कटती हळूच परत आली. पण तीन दिवस तरी दोन संघटना एका वहीवर बसल्या होत्या.

मोठ्या पातळीवर तसं झालं नाही. २०२० च्या सप्टेंबरात एकाच आठवड्यात संसदेत शेतीचे तीन कायदे आणि कामगारांच्या तीन संहिता मंजूर झाल्या. २६ नोव्हेंबरला कामगारांचा देशव्यापी संप आणि शेतकऱ्यांची दिल्लीकडं कूच एकाच दिवशी झाली. माझी संघटना मात्र शेतीच्या कायद्यांच्या बाजूनं होती. आमचे अनिल घनवट सुप्रीम कोर्टाच्या समितीतही होते. शेतकऱ्याला कुठंही विकायची मोकळीक पाहिजे हे आमचं जुनंच म्हणणं, ज्यानं आदिलाबादची वाट रात्री तुडवली त्याला ते कळेल. १९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागं घेण्याची घोषणा झाली. कामगार संहिता राहिल्या आणि २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झाल्या. पंजाबवाले वर्षभर रस्त्यावर बसले म्हणून त्यांचं ऐकावं लागलं. कामगारांचे संप एक-दोन दिवसांचे असायचे.

२०२५ च्या ऑगस्टात कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढून टाकलं. अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के कर लावला, कापडउद्योग अडचणीत आला, म्हणून त्याला स्वस्त कापूस पाहिजे. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. म्हणजे नेमका आमचा कापूस घरात येतो तोवर. लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये कागदावर होता. बातमी वाचली आणि मला तेरवीच्या दिवशीची ओसरी आठवली. पुन्हा तेच. कापड कामगाराच्या नावानं कास्तकाराचा भाव. तिरुपूरच्या शिलाईवालीच्या पगारात त्यातला एक रुपया तरी वाढला का, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही आणि तिच्या संघटनेनंही नाही.

भाऊ आता थकला आहे. डोळ्याला कमी दिसतं. बातमी मी त्याला वाचून दाखवली. बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “ते तिकडचे शिवणारे लोक कोणाचे असतीन रे? कास्तकाराचेच पोट्टे असतीन.” मी म्हणालो, असतील.

हमालांच्या टोळीची वही आता त्याचा नातू लिहितो. पोरगा बारावी झालेला आहे. हंगाम सुरू व्हायच्या आधी तो माझ्याकडं आला. “आबा, औंदा हमाल आन् कास्तकार, दोघायची मिटिंग आधीच घेतो म्हंतो. कटती सुरू व्हायच्या आधी. तुमी येसान का?” मी पेटीतून बिल्ला काढला. लाल रंग उडाला आहे, पिन गंजली आहे. शर्टाला लावला आणि भावाला हाताला धरून सोबत नेलं. बैठकीला एकोणीस माणसं होती. बारा हमाल, सात कास्तकार. पोरानं वहीच्या पहिल्या पानावर तारीख टाकली आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या.